म्हातारीचा भोपळा आणि शब्दार्थाचें कोष्टक



मुलांच्या वाचनासाठीं जुन्या लोककथा छापण्याची चाल हल्लीं वाढली आहे, व ती चांगलीच आहे. पण गोष्टीखालीं शब्दार्थ आणि प्रश्न म्हणून जें छापतात तें पाहिलें म्हणजे, गोष्ट कोणाच्या घरची आणि परीक्षा कोणाच्या भाषेंत, असा सवाल आम्हां खेड्यांतील मास्तरांस पडतो.

म्हातारी आणि भोपळ्याचीच गोष्ट घ्या. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेंत अडविणारे वाघ-कोल्हे आणि परततांना भोपळ्यांत बसून त्यांना दिलेली हुलकावणी, हें ठाऊक नाहीं असें पोर मराठी मुलखांत विरळेंच. तीच गोष्ट पुस्तकांत गेली कीं म्हातारीची ‘वृद्धा’ होते, लेकीची ‘कन्या’ होते, रानाचें ‘अरण्य’ होतें. मग खालीं अर्थ देतात : अरण्य म्हणजे रान! पोराच्या तोंडचा शब्द आधीं काढून घ्यावयाचा, आणि मग तोच त्याच्याकडून पाठ करून घ्यावयाचा. ज्याला साधला नाहीं तो ‘ढ’. धनगराच्या पोराला रान कळत नाहीं, असें ठरविण्यापैकींच हें.

उलट जेथें खरोखर सांगावयास पाहिजे तेथें हे कोष्टकवाले गप्प! भोपळा म्हणजे ‘एक फळभाजी’, एवढ्यावर भागवितात. मग मूल विचारतें, “गुरुजी, भाजीच्या भोपळ्यांत माणूस बसेल कसें?” प्रश्न रास्त आहे. कडू भोपळा वेलीवर पिकून वाळला कीं त्याची साल लाकडासारखी कठीण होते. आंतला गर व बिया काढल्या म्हणजे तो पोकळ राहतो. असा भोपळा पाठीला बांधून विहिरींत पोहावयास शिकलेलीं माणसें अजून गांवोगांव सांपडतील. पंढरपुराकडच्या मोठाल्या भोपळ्यांवर मिरजेचे कारागीर तंबोरे घडवितात. एवढें सांगितलें कीं पोराला उमगतें : भोपळा पोकळ, हलका, गडगडणारा हें खरें, म्हातारी आंत मावली ही गंमत. आम्ही यालाच समज म्हणतों.

चिऊ-काऊच्या गोष्टींतही तेंच. ‘कावळ्याचें घर कशाचें होतें?’ हें तीन वर्षांचें पोर सांगतें. विचारावयाचें तें असें : सारवलेली भिंत उन्हाळाभर टिकते, मग पावसांत शेण कां वाहून जातें? उन्हांत चिमणीच्या मेणाचें काय होईल? भिजलेल्या कावळ्याला तिनें इतका वेळ दाराबाहेर ताटकळत ठेवलें, हें बरें कीं वाईट? आमच्या वर्गांत या प्रश्नावर दोन तट पडले. ज्यांच्या घरीं छप्पर गळतें तीं मुलें सारीं कावळ्याच्या बाजूचीं!

आतां दुसरी बाजू. विजेचे पंप आले, मोट गेली. आज कुणब्याच्या मुलालाही मोट, नाडा, कणगी, उतरंड हे शब्द परके झाले आहेत. ते गोष्टींतून काढून टाकावे असें सुचविणारे आहेत. आम्हांस तें मान्य नाहीं. मोट म्हणजे ‘पाणी काढण्याचें साधन’ हा अर्थ नव्हे, ही बोळवण आहे. कातडें कमावणारानें कातडें द्यावें, सुतारानें चाक करावें, दोर वळणारानें नाडा वळावा, तेव्हां बैल धावेवरून उतरत आणि मळ्याला पाणी मिळे. एका शब्दांत चार घरांचे कष्ट भरलेले आहेत. सन १८८२ मध्यें जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें शेतकरी वर्गांतलेच शिक्षक मागितले, त्याचें एक मर्म येथेंही दिसतें.

ग्रांथिक शब्द नकोतच, असें आमचें म्हणणें नाहीं. पोराला उद्यां कोर्टकचेरीचा कागद वाचावयाचा आहे. ‘अरण्य’ त्याला आलेंच पाहिजे. पण तें रानाच्या शेजारीं बसवा, रानाला उठवून नव्हे.

तोंवर एक काम घरींच करतां येईल. आजी गोष्ट सांगूं लागली कीं शाळेंत जाणाऱ्या पोराच्या हातीं वही द्यावी. ती बोलेल तसें त्यानें लिहावें, अडलेला शब्द तिलाच विचारावा, आणि वही आम्हां मास्तरांकडे आणावी.