छोट्या गाडीला सतरा इंची चाकं कशाला?

स्विफ्टसारखी छोटी गाडी दारात आली की वर्षभरात अनेक तरुण मालकांच्या मनात दोन बेत घोळू लागतात. सतरा इंची मॅगव्हील टाकायची आणि गाडी इंच-दीड इंच खाली घ्यायची. या बेताच्या बाजूने तीन गोष्टी ठासून सांगितल्या जातात. मोठ्या चाकाची, रुंद टायरची गाडी रस्ता घट्ट धरते. खाली घेतलेली गाडी वळणावर कलत नाही. आणि कंपनी लहान चाकं देते ती निव्वळ पैसे वाचवायला. तिन्हींत थोडं तथ्य आहे, म्हणूनच त्या नीट तपासून घ्यायला हव्यात.

आधी चाकाचा हिशेब. 2018 च्या स्विफ्टला खालच्या व्हेरियंटमध्ये 165/80 आर 14 टायर येत, वरच्यांना 185/65 आर 15. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते सांगतो, तिसरा रिमचा व्यास इंचांत. गुणाकार करून पाहा. चौदा इंची चाकाचा बाहेरून व्यास 620 मिलिमीटर भरतो, पंधरा इंचीचा 621.5. लोक हौसेने टाकतात त्या 205/45 आर 17 चा येतो 616. म्हणजे रिम तीन इंचांनी वाढली तरी चाक उंच झालेलं नाही. ते व्हायलाही नको, कारण स्पीडोमीटर आणि गिअरचं गणित त्या व्यासावर बेतलेलं असतं. मग वाढलेल्या रिमने जागा घेतली कुणाची? टायरच्या भिंतीची. ती 132 मिलिमीटरवरून 92 वर आली.

हे गेलेले चाळीस मिलिमीटर म्हणजे रिम आणि खड्डा यांच्यामधली हवेची गादी. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा किंवा रस्त्यापेक्षा खोल बसलेलं चेंबरचं झाकण वेळेवर दिसत नाही. चाक आदळतं, टायरची भिंत खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यात चिमटते, आतले धागे तुटतात आणि थोड्याच वेळात किंवा दुसऱ्या दिवशी बाजूला फुगा दिसतो. असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. रिम वाकली तर तोही खर्च.

पकडीचं म्हणाल, तर कोरड्या रस्त्यावर रुंद टायर काहीशी जास्त पकड देतो, हे मान्य. पण पकड रिमच्या इंचांतून येत नाही. ती रबराच्या प्रतीतून, नक्षीच्या खोलीतून आणि हवेच्या योग्य दाबातून येते. नऊशे किलोच्या आसपासच्या गाडीला फार रुंद टायर लावला, की साचलेल्या पाण्यावर तो अरुंद टायरच्या आधी तरंगायला लागतो. ज्यांच्याकडे चार महिने पाऊस असतो त्यांनी हे विसरून चालत नाही. शिवाय मोठी रिम बहुधा जड असते. ते वजन स्प्रिंगच्या खाली लटकतं आणि फिरतंही, त्यामुळे वेग घेताना, ब्रेक लावताना आणि खड्ड्यातून चाक वर उचलताना ते दरवेळी आडवं येतं. 1964, 1965 आणि 1967 साली माँटे कार्लो रॅली जिंकणारी मिनी कूपर दहा इंची चाकांवर धावत होती. हलकं अंग आणि चार कोपऱ्यांत नेऊन ठेवलेली चाकं हे तिचं बळ होतं.

आता गाडी खाली घेण्याचं. गुरुत्वमध्य खाली येतो, हे खरं. पण साधारण साडेपाचशे मिलिमीटर उंचीवरचा गुरुत्वमध्य तीस मिलिमीटरने उतरला, तर वळणावर बाहेरच्या चाकांकडे सरकणारं वजन जेमतेम पाच-साडेपाच टक्क्यांनी घटतं. त्याची किंमत मात्र मोठी. छोट्या गाड्यांना पुढे बहुधा मॅकफर्सन स्ट्रट प्रकारचं सस्पेन्शन असतं. गाडी खाली गेली की लोअर आर्मचं चाकाकडचं टोक वर चढतं आणि जिच्याभोवती गाडी कलते ती रेषा गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली घसरते. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला कलवणारी तरफ लांबते. तरीही ती कमी कललेली वाटते, कारण स्प्रिंग कडक केलेली असते. श्रेय कडकपणाचं आहे आणि लोक ते उंचीला देतात.

त्यातही परवडत नाही म्हणून जुनीच स्प्रिंग ग्राइंडरने एक-दीड वेटोळं कापून परत बसवणारे गॅरेजवाले आहेत, आणि हे तर सरळ धोक्याचं काम. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. गतिरोधक उतरताना चाक लोंबकळलं की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून हलू शकते. अशा गाडीचा पुढचा टायर उतरवून आतली बाजू पाहावी. बाहेरून नक्षी नव्यासारखी आणि आतल्या खांद्यावर रबर झिजून तारा उघड्या पडलेल्या. उंची बदलली की कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल आणि टो म्हणजे चाकाची आत-बाहेर वळलेली दिशा, दोन्ही बदलतात, पण अलाइनमेंट पुन्हा करून घ्यायचं राहून जातं. तो टायर हमरस्त्यावर शंभराच्या वेगात फुटला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

कंपनीच्या आकड्यानुसार स्विफ्टची जमिनीपासूनची उंची 163 मिलिमीटर. त्यातून 35 वजा केले की उरतात 128. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या नियमांतला गतिरोधकच 100 मिलिमीटर उंच आहे, आणि गावोगावचे गतिरोधक ते नियम वाचून बांधलेले नसतात. मागे तिघं बसली, डिकी भरली की गाडी आणखी दबते. सायलेन्सर घासल्याचा आवाज आतल्या माणसांना ऐकू येतो, तेव्हा उतरून चालत पुढे जाण्याची पाळी घरच्यांवर येते. गुळगुळीत ट्रॅकवर, कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर, हेच बदल जाणकाराने जोडीचे शॉकअॅब्सॉर्बर घालून केले तर ते योग्यच ठरतात. रोजची गाडी तिथे धावत नाही.

कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि जानेवारी 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल परवानगीशिवायच्या बदलांच्या विरोधात आहेत, आणि कलम 182 अ प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगतं.

तिसरा मुद्दा मात्र बराचसा खरा. खालच्या व्हेरियंटला कंपनी किमतीचा विचार करूनच साधी रिम आणि साधे टायर देते. म्हणून गाडीला हातच लावू नका, असं मी म्हणणार नाही. मला छोट्या गाड्या आवडतात आणि त्या उत्तम धावाव्यात असं वाटतं. चौदा इंचीऐवजी कंपनीनेच वरच्या व्हेरियंटला दिलेलं 185/65 आर 15 घ्या. रिम 4 गुणिले 100 ची, म्हणजे 100 मिलिमीटरच्या वर्तुळावर चार नटांचीच हवी आणि मधलं भोक 54.1 मिलिमीटरचं. होंडाच्या काही रिमची नटांची भोकं त्याच मापावर असतात, पण मधलं भोक 56.1 चं असतं. तशी रिम घेतलीच तर ती फट भरणारी हब रिंग घाला, नाहीतर स्टिअरिंग थरथरेल. वाचलेले पैसे चांगल्या टायरवर, थकलेल्या शॉकअॅब्सॉर्बरवर आणि रबरी बुशवर खर्च करा. गाडीची उंची आहे तशी राहू द्या. पैसे देण्याआधी टायरच्या भिंतीवरच्या निर्मिती-कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. 2325 म्हणजे 2025 चा तेविसावा आठवडा. दोन-तीन वर्षं दुकानात पडून राहिलेला माल असेल तर बिनदिक्कत परत करा.