चाळीस टक्के, चांगला दिवस आणि न सापडणारे अपील




दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला आणि दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मल्टिपल स्क्लेरॉसिस, पार्किन्सन असे आयुष्यभर पाठ न सोडणारे आजार प्रथमच यादीत बसले. गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार या सिकलसेलच्या पट्ट्यासाठी ही मोठी गोष्ट होती. पण यादीत आजाराचे नाव येणे वेगळे आणि रुग्णाच्या हाती लाभ पडणे वेगळे. मधे वैद्यकीय मंडळाची तपासणी असते, आणि दीर्घ आजाराचे रुग्ण नेमके तिथेच अडतात.

सिकलसेलमध्ये प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे, छाती, पोट यांत असह्य कळा येतात. वारंवार असे झाले की खुब्याचे हाड निकामी होऊ शकते, प्लीहा काम सोडते. दोन झटक्यांच्या मधल्या काळात मात्र तोच माणूस चालतो, बोलतो, शेतावरही जातो. तपासणीची तारीख मिळते, तेव्हा तो कुठल्या अवस्थेत तिथे पोहोचतो? कळा सुरू असतील तर तो वॉर्डात दाखल असतो. म्हणजे मंडळापुढे उभा राहू शकतो तो त्याचा चांगला दिवसच. वर्षभरात किती वेळा सलाईन लागले, किती वेळा रक्त चढवले, किती दिवस मजुरी बुडाली, हे त्या दिवशी अंगावर दिसत नाही.

बहुतेक सगळे लाभ ४० टक्क्यांपासून सुरू होतात. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाला तर ८० टक्के लागतात आणि त्यात केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये! संजय गांधी निराधार योजनेत राज्य सरकारने २०२५ मध्ये दिव्यांगांची रक्कम १,५०० वरून २,५०० रुपये केली, ते स्वागतार्हच. पण ज्याच्या प्रमाणपत्रावर ३५ टक्के लिहिले गेले, त्याला वाढीव रकमेचा उपयोग काय? त्याला पांढरे कार्ड मिळते. पिवळे ४० टक्क्यांपासून, निळे ८० टक्क्यांपासून.

मग दाद मागावी. कायद्याचे कलम ५९ अपिलाचा हक्क देते. मुदत, पद्धत आणि अपील प्राधिकारी ठरवणे राज्यावर सोपवते. नियमांनुसार प्रमाणपत्र नाकारले तर कारण लेखी कळवावे लागते. प्रश्न आहे तो नाकारल्याचा नव्हे, कमी टक्के दिल्याचा. अशा रुग्णाच्या हातात एक आकडा पडतो. तो कोणत्या निकषांवर आला, कुठला अहवाल धरला, कुठला सोडला, याची फोड त्यावर नसते. आकड्यामागचे गणितच माहीत नसेल तर अपिलात खोडून काय काढायचे?

त्यात २०२४ च्या दुरुस्तीने प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिन्यांवर नेली. दोन वर्षे निर्णयच झाला नाही तर अर्ज निष्क्रिय होतो. विलंब यंत्रणेचा, आणि नव्याने अर्ज करायचा रुग्णाने.

यावर एक आक्षेप हमखास येतो: सैल सोडले की बोगस प्रमाणपत्रे बोकाळतात. तो निराधार नाही. पुण्यातील एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून २०२४ मध्ये देशभर गदारोळ झाला, फेरतपासणीची मागणी झाली. फसवणूक पकडलीच पाहिजे. पण सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचे सोंग आणता येत नाही. रक्ताची चाचणी खरे काय ते सांगते. रक्तपेढीची नोंद आणि रुग्णालयात दाखल झाल्याचे कागद तपासणे हे एका दिवसाच्या नजरेपेक्षा बोगसगिरीला जास्त आळा घालेल.

टक्केवारीची मर्यादा न्यायालयांनीही ओळखली आहे. लेखनात हात आखडणाऱ्या एका नागरी सेवा उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला, कारण तो ४० टक्क्यांत बसत नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वाजवी सोयीसाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाचादोष असलेल्या, महाराष्ट्रातल्याच वैद्यकीय प्रवेशेच्छूच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले, की निव्वळ टक्केवारीवर अपात्र ठरवू नये. उमेदवार प्रत्यक्षात काय करू शकतो ते मंडळाने कारणांसह नोंदवावे. अपील यंत्रणा उभी होईपर्यंत मंडळाच्या नकाराला न्यायालयात आव्हान देता येईल, असेही त्या निकालात आहे. पण धडगाव किंवा भामरागडच्या मजुराने त्यासाठी उच्च न्यायालय गाठायचे का?

टक्केवारीपलीकडे पाहण्यात आपली एसटी पुढे आहे. सिकलसेल, हिमोफिलिया आणि डायलिसिसच्या रुग्णांना ती मोफत प्रवासाची सवलत देते. डायलिसिस तर २१ प्रकारांच्या यादीतही नाही. आजार वारंवार दवाखान्यात नेतो, एवढे कारण एसटीला पुरते. उलट खुद्द कायद्यात विसंगती आहे: रक्ताच्या आजारांना उच्च शिक्षणातल्या ५ टक्के आरक्षणात जागा आहे, पण सरकारी नोकरीतल्या ४ टक्क्यांच्या गटांत नाही. पदवीपर्यंत दिव्यांग, त्यानंतर धडधाकट!

डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढणाऱ्या राज्याला पुढच्या गोष्टी अवघड नाहीत. दीर्घ आजारात मागील १२ महिन्यांच्या रुग्णालयीन नोंदी पाहणे मंडळाला बंधनकारक करावे. टक्केवारीची फोड मराठीत, प्रमाणपत्रासोबतच द्यावी. अपील कुठे आणि किती दिवसांत करायचे, ते त्याच कागदावर छापावे. जन्मजात रक्तविकार सहसा बरा होत नाही, तेव्हा त्याच्या प्रमाणपत्राला मुदत घालून रुग्णाला पुन्हा पुन्हा रांगेत उभे करणे थांबवावे. आणि नोकरीच्या आरक्षणातून वगळलेल्या रक्तविकारांसाठी कलम ३४ मध्ये दुरुस्ती करावी, अशी शिफारस विधिमंडळाने केंद्राकडे पाठवावी.

– एक वाचक, चंद्रपूर