उजनीचे पाणी आणि तुळजापूरचा हिशेब

धरण बांधले म्हणजे शेतीस पाणी मिळेल, वीज निघेल आणि पुराचे भयही टळेल, असा तिहेरी लाभ सांगण्याचा प्रघात आहे. परंतु हे तिन्ही लाभ एकाच वेळी पुरतेपणी पदरात पडत नाहीत. पूर अडवावयाचा तर पावसाळ्यात धरणात रिकामी जागा ठेविली पाहिजे. उन्हाळी पिकांस पाणी द्यावयाचे तर तेच धरण काठोकाठ भरून घेतले पाहिजे. आणि वीज तर पाणी खाली सोडल्यावाचून निघत नाही. एकच रक्कम तीन खात्यांवर मांडता येत नाही, हे आमच्या व्यापारी वाचकांस निराळे सांगावयास नको.

भीमेवरील उजनी धरणाचेच पहा. ते १९८० साली पुरे झाले. त्याची एकूण क्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट. पैकी निम्म्याहून अधिक पाणी अचल साठ्याचे. वीजगृहाची शक्ती अवघी १२ मेगावॅट. शिवाय धरण तुडुंब असता पुणे जिल्ह्यातून लोंढा आला, म्हणजे पंढरपुरास वाळवंट पाण्याखाली जातेच. धरण व्यर्थ आहे, असा याचा अर्थ नव्हे. सोलापूर जिल्ह्याची पुष्कळ शेती त्याने उभी केली. ते मुख्यतः सिंचनाचे धरण आहे, इतकेच.

आता या उजनीशी तुळजापूरचा संबंध जडला आहे. आमचे गाव बालाघाटाच्या माथ्यावर. जवळच्या नद्या लहान. नळदुर्गास आदिलशाही काळी बोरी नदी बांधाने अडविली, तो बांध आजही नर-मादी धबधब्यांच्या रूपाने लोक पाहतात. पण बोरीच्या पाण्याने साऱ्या तालुक्याची तहान कशी भागावी? म्हणून कृष्णा-मराठवाडा योजना निघाली. तिच्यात २३.६६ अब्ज घनफूट पाण्याची कल्पना असून पहिल्या टप्प्यात ७ धरले आहे. उजनीचे पाणी बोगद्याने सीनेत यावयाचे आणि तेथून पंपांनी चढवून तुळजापुराजवळच्या रामदरा तलावात पडावयाचे. जे पाणी धरणातून उतरताना वीज देते, तेच घाट चढताना वीज खाते. तिचे बिल थकले की पंप थांबणार, आणि कालवे कोरडे राहणार.

असे महागाचे पाणी उसाच्या फडात ओतणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी होय. प्रथम गावांचे व यात्रेकरूंचे पिण्याचे पाणी, नंतर ज्वारी, तूर, हरभरा यांस वेळेवरची एक-दोन पाणी, आणि उरल्यास इतर पिके, असा क्रम आधीच ठरला पाहिजे. लातुरास २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ही गोष्ट शेजाऱ्यांनी तरी विसरू नये. उजनीच्या जलाशयात ज्यांची घरे व शेते बुडाली, त्यांच्या त्यागावर हे पाणी आपल्यापर्यंत पोहोचावयाचे आहे, याचेही भान असावे.

२००५ च्या कायद्याने शेतकऱ्यांस पाणीवापर संस्था स्थापून पाणी मोजून घेण्याचा अधिकार दिला आहे. तो त्यांनी वापरावा. किती पाणी उपसले, कोणास दिले, विजेस किती खर्च आला, याचा ताळेबंद दरवर्षी चावडीवर लागावा, अशी मागणी गावकऱ्यांनी व व्यापाऱ्यांनी एकमुखाने करावी. शेत पिकले तरच पेठ चालते; तेव्हा हा प्रश्न केवळ शेतकऱ्यांचा आहे, असे म्हणून दुकानदारास हात झाडता येणार नाहीत.