बरोबरीचा निवाडा मैदानांत व्हावा कीं वहींत?

क्रिकेटप्रमाणेंच चेंडू व दांडू यांचा असलेला बेसबॉल हा खेळ अमेरिकेंत अत्यंत लोकप्रिय आहे, हें आमच्या विद्यार्थिबंधूंस व भगिनींस ठाऊक असेलच. परंतु तेथील मुख्य स्पर्धा किती दीर्घ असते, ह्याची कल्पना पुष्कळांस नसावी. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. संघ एकंदर ३०. ते अमेरिकन लीग व नॅशनल लीग अशा दोन गटांत वांटलेले, आणि प्रत्येक लीगचे पुन्हां पांच पांच संघांचे तीन विभाग. सामना बरोबरींत सोडून देण्याची ह्या खेळांत चाल नाहीं. नवव्या डावाअखेर धांवा सारख्या झाल्या तर दहावा, अकरावा असे डाव खेळत जावयाचें, पण कोणीतरी जिंकलेंच पाहिजे. असें असतांहि सहा महिने झुंजून एकाच विभागांतील दोन संघांचे जय व पराजय शेवटच्या दिवशीं अगदीं सारखे भरले, असें अनेकदां घडलें आहे. मग विभागाचें अग्रपद कोणास द्यावें? ह्या प्रश्नाचें उत्तर २०२२ सालीं बदललें. आणि माझ्या मतें तो बदल अर्धा योग्य व अर्धा अयोग्य आहे.

जुनी रीत साधी होती. दोन संघ बरोबरींत आले कीं त्यांनीं पुन्हां एकमेकांशीं खेळावें, आणि जो जिंकेल त्यानें अग्रपद घ्यावें. १९६९ पूर्वीं लीगमध्यें विभाग नव्हते. तेव्हां सगळ्या लीगच्या अग्रपदाचा निकालहि ह्याच वाटेनें लागे. नॅशनल लीगमध्यें तीनांपैकीं दोन सामने जिंकणारा संघ श्रेष्ठ ठरे, अमेरिकन लीगमध्यें मात्र एकाच सामन्यावर सर्व भिस्त असे. १९५१ सालीं न्यूयॉर्कचे जायंट्स ऑगस्ट महिन्यांत ब्रुकलिनच्या डॉजर्सपेक्षां साडेतेरा सामन्यांनीं मागें पडले होते. तेथून त्यांनीं बरोबरी गांठली. पहिले दोन जादा सामने एकेकानें जिंकले; आणि ३ ऑक्टोबर रोजीं तिसऱ्या सामन्याच्या शेवटच्या डावांत, आपला संघ २ विरुद्ध ४ धांवांनीं मागें असतांना, बॉबी थॉमसन ह्यानें चेंडू थेट प्रेक्षकांत टोलविला. तळांवर उभे असलेले त्याचे दोन साथीदार व तो स्वतः मिळून तीन धांवा झाल्या, आणि जायंट्सनीं लीग जिंकली. (ह्या गोष्टीला एक काळी किनार आहे, तीहि सांगितली पाहिजे. त्या वर्षीं आपल्या मैदानावर जायंट्स दुर्बिणीनें प्रतिपक्षाच्या गुप्त खुणा टिपीत असत, असें ५० वर्षांनीं, २००१ सालीं, त्यांच्यापैकींच कांहीं वृद्ध खेळाडूंनीं कबूल केलें.) पुढें १९७८ सालीं न्यूयॉर्कचे यांकीज व बॉस्टनचे रेड सॉक्स ह्या हाडवैऱ्यांचे ९९ जय व ६३ पराजय असे बरोबर जुळले. जादा सामन्यांत निर्णायक फटका कोणीं मारावा? वर्षभरांत अवघे चार होमरन मारलेल्या बकी डेंट ह्यानें! बॉस्टनचे लोक अद्यापि त्याचें नांव घेतांना दांतओंठ खातात.

असे सामने लोकांच्या स्मरणांत राहिले ह्यांत नवल नाहीं; परंतु रोमांच उभे राहिले म्हणून न्यायहि झाला, असें म्हणतां येणार नाहीं. शिवाय ह्या रीतीला एक मोठा डाग होता. जादा सामना कोणाच्या गांवीं व्हावयाचा हें कित्येक वर्षें नाणें उडवून ठरवीत. आपल्याकडे मुलें ओली कीं सुकी करतात, तसाच हा प्रकार. २००८ सालीं मिनेसोटाचे ट्विन्स व शिकागोचे व्हाइट सॉक्स बरोबरींत आले. आपसांतील १८ सामन्यांपैकीं १० ट्विन्सनीं जिंकले होते. पण नाणें शिकागोच्या बाजूनें पडलें, ट्विन्सना परक्या मैदानावर जावें लागलें, आणि जिम थोमी ह्याच्या एका फटक्यानें ते १ विरुद्ध शून्य असे हरले. पुढील वर्षापासून नाणें बाद झालें. आपसांतील सामन्यांत जो वरचढ, त्याच्याच गांवीं सामना, असा नियम आला. आणि योगायोग असा कीं, त्याचा पहिला लाभ ट्विन्सनाच मिळाला.

२०२२ सालीं जादा सामनाच बंद करण्यांत आला. आतां बरोबरी झाली कीं वही उघडावयाची. प्रथम त्या दोन संघांचे आपसांतील सामने पाहावयाचे. ते सारखे असतील तर आपल्या विभागांतील इतर संघांविरुद्ध कोणाची कामगिरी सरस, तें. तेंहि सारखें असेल तर त्याच लीगच्या दुसऱ्या विभागांविरुद्धची कामगिरी. आणि त्यानेंहि न सुटलें तर लीगमधील सामन्यांच्या उत्तरार्धाचा हिशेब. हा शेवटचा निकष मला पटत नाहीं. एप्रिलांत जिंकलेला सामना सप्टेंबरांत शिळा होतो काय? तथापि प्रकरण तेथवर जाणें दुर्मिळच. धांवांची बेरीज मात्र कोठेंहि धरीत नाहींत, हें उत्तम आहे. नाहींतर दुबळ्या संघाला तुडवून धांवा सांठविण्याची संवय लागली असती.

ह्या नियमाचें महत्त्व कळण्यास एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. प्रत्येक लीगमधून सहा संघ पुढें जातात: तीन विभागांचे तीन विजेते, आणि उरलेल्यांपैकीं सर्वांत चांगले तीन. ह्या दुसऱ्या तिघांस वाइल्ड कार्ड म्हणतात. विजेत्यांपैकीं वरच्या दोघांस पहिली फेरी माफ असते. बाकीच्यांस तीन सामन्यांची ती फेरी खेळावीच लागते. २०२२ सालीं अटलांटाचे ब्रेव्ह्ज व न्यूयॉर्कचे मेट्स ह्या दोघांचेहि १०१ जय झाले. आपसांत ब्रेव्ह्ज १० व मेट्स ९. म्हणून अग्रपद ब्रेव्ह्जना. हा एका सामन्याचा फरक कसा पडला तें पाहण्यासारखें आहे. मोसमाच्या शेवटच्या आठवड्याच्या तोंडीं मेट्स अटलांटास गेले आणि तिन्ही सामने हरले. त्यांतला एक जरी जिंकला असता तरी अग्रपद त्यांचेंच होतें! ते वाइल्ड कार्ड होऊन पुढें गेले आणि पहिल्याच फेरींत सॅन डिएगोच्या संघाकडून पराभूत झाले. कित्येकांनीं हळहळून म्हटलें, एक जादा सामना व्हावयास हवा होता. मी म्हणतों, ह्या दोघांमध्यें १९ सामने झाले होतेच, विसावा कशाला? २०२३ सालीं ह्यूस्टन व टेक्सस ह्यांचे ९० जय सारखे झाले, तेव्हां आपसांत ह्यूस्टननें ९ व टेक्ससनें ४ जिंकले होते. २०२५ सालीं टोरांटो व यांकीज ह्यांच्या ९४ जयांच्या बरोबरींत टोरांटो ८ विरुद्ध ५ असें पुढें होतें. हे निवाडे कोणाहि समंजस माणसास मान्य व्हावे. आणि दुसरा क्रमांक मिळाल्यानें कोणाचें सर्वस्व बुडालें असेंहि नाहीं. टेक्सस पहिल्या फेरीपासून खेळत गेलें, वाटेंत ह्यूस्टनलाहि हरविलें, आणि त्या वर्षींची वर्ल्ड सिरीज जिंकून बसलें.

परंतु जेथें बरोबरींतील एक संघ पुढें जाणार आणि दुसऱ्याचें वर्ष तेथेंच संपणार, तेथें हीच वही अपुरी पडते. २०२५ सालीं नॅशनल लीगच्या शेवटच्या जागेसाठीं सिनसिनाटीचे रेड्स व मेट्स ह्यांचे ८३ जय व ७९ पराजय असे सारखे भरले. हे दोघे निरनिराळ्या विभागांतले. त्यामुळें वर्षभरांत त्यांची गांठ अवघे सहा वेळां पडली होती. त्यांत रेड्स ४, मेट्स २. एवढ्यावर रेड्स आंत गेले आणि मेट्स घरीं. शेवटच्या दिवशीं तर दोघेहि आपापले सामने हरले होते! जूनच्या मध्यास ४५ जय व २४ पराजय असे दिमाखानें पुढें असलेल्या मेट्सनीं उरलेले तीन महिने दवडले, तेव्हां त्यांची कींव करावी असें नाहीं. पण प्रश्न त्यांच्या लायकीचा नाहीं. १६२ सामन्यांनीं ज्यांना समान ठरविलें, त्यांतील एकाला सहा सामन्यांच्या आधारानें स्पर्धेबाहेर काढावयाचें, हें प्रमाण मला विपरीत वाटतें. एकोणीस किंवा तेरा भेटी म्हणजे कांहीं पुरावा झाला. सहांत दोनचार म्हणजे एका वाईट दिवसाचा फेर.

आमच्या वाचकांना २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना आठवत असेल. लॉर्ड्सवर इंग्लंड व न्यूझीलंड यांच्या धांवा सारख्या झाल्या, सुपर ओव्हरहि सारखी झाली, आणि चौकार-षटकार २६ विरुद्ध १७ मोजून चषक इंग्लंडला दिला. नियम आधींपासून लिहिलेला होता, कोणीं कोणास फसविलें नव्हतें. तरीहि सर्वांस चुटपुट लागली, आणि त्याच वर्षीं तो नियम रद्द झाला. यापुढें निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर खेळावयाची असें ठरलें. बेसबॉलच्या कारभाऱ्यांनीं निदान बाहेर पडण्याच्या प्रसंगापुरता तरी असाच विचार करावा, एवढेंच माझें म्हणणें. दोन्ही संघ पुढें जाणार असतील तर वही पाहावी. एक घरीं जाणार असेल तर सामना खेळवावा, आणि आपसांतील सामन्यांत वरचढ असलेल्यास तो त्याच्या मैदानावर द्यावा.

ह्यावर उत्तर येतें कीं, त्यासाठीं दिवस कोठून आणावयाचा? मोसम रविवारीं संपतो आणि पहिली फेरी मंगळवारीं सुरू होते. पण मधला सोमवार आहे ना! २०२४ सालीं वादळामुळें अटलांटा येथील मेट्स व ब्रेव्ह्ज ह्यांचे दोन सामने राहून गेले होते, आणि त्या दोघांचें व ॲरिझोनाच्या संघाचें भवितव्य त्यांवर लटकलें होतें. तेव्हां सोमवार, ३० सप्टेंबर रोजीं, एकाच दिवशीं ते दोन्ही सामने खेळविले. एकेक सामना प्रत्येकानें जिंकला, तिन्ही संघांचे ८९ जय झाले, आणि आपसांतील हिशेबांत मागें पडलेलें ॲरिझोना घरीं बसून बाहेर गेलें. मेट्स तेथून मिलवॉकीस गेले, आणि दुसऱ्याच दिवशीं मैदानांत उतरून ८ विरुद्ध ४ धांवांनीं जिंकले.