टपावरचा तंबू आणि बाजूची सीट

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघं गागोदे बुद्रुकला गेलो, ते भाड्याच्या थारमधून. माझा भाचा इंग्लंडहून महिनाभरासाठी पेणला आला होता. विनोबांचं जन्मगाव दाखव, असं मीच त्याला म्हटलं होतं. माझ्या वर्गातली मुलं दर ११ सप्टेंबरला विनोबांवर भाषणं पाठ करतात आणि मला स्वतःला तिथे जाऊन बरीच वर्षं झाली होती. साधी गाडी चालली असती, पण त्याला फोर-बाय-फोरच हवी होती. का, तर प्रॅक्टिस. महामार्गावर पहिला मोठा खड्डा आला तसे मागे बसलेले दुल्हाभाई म्हणाले, "युरोपला कशाला नेतोस? ही गाडी पनवेल ते इंदापूरसाठीच बनवलेली आहे." त्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ पासून आम्ही पाहतो आहोत, त्यामुळे सगळेच हसलो.

भाच्याचा बेत असा होता. इंग्लंडमध्ये जुनी डिझेल डिफेंडर घ्यायची. टपावर उघडणारा तंबू, पुढे विंच, पाण्यातून जाताना इंजिनाला हवा मिळावी म्हणून वर काढलेली नळी, मागच्या सीटा काढून तिथे फ्रीज आणि कप्पे. मग फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, क्रोएशिया करत बोस्निया, आणि येताना इटली. सहा आठवडे. सामानाची किमतीसह यादी मोबाईलवर तयार होती. बाजूच्या सीटवर एक मित्र.

ती सीट आधी दुल्हाभाईंसाठी होती, हे मला ठाऊक होतं. दुल्हाभाई म्हणजे त्याचे अब्बा. सौदीत २२ वर्षं ड्रायव्हर होते. सर्व्हे करणाऱ्या कंपनीची लँड क्रूझर वाळवंटात चालवायचे. आयुष्यभर गाडी चालवली, पण नेहमी दुसऱ्याच्या कामासाठी. 'कुठे जायचं' हे ठरवणारा माणूस कायम मागच्या सीटवर असायचा. आदल्या वर्षी त्यांचा व्हिसाचा अर्ज नामंजूर झाला. कुठल्या देशाचा ते सांगत नाही. छापील कागदावर एका कारणापुढे खूण केलेली होती, अर्जदार परत जाईल याची खात्री वाटत नाही, अशा अर्थाची. ज्याने २२ वर्षं दर सुट्टीला घरीच परतायचं काम केलं, त्याला हे कारण! त्यांनी कागदाची घडी घातली, कपाटात ठेवली आणि विषय संपवला. मुलाने मात्र विषय दुसऱ्या बाजूने वाढवला. अब्बा येत नाहीत म्हटल्यावर गाडीचं सामान वाढत गेलं.

युरोप मी पाहिलेलं नाही, हे आधीच सांगते. पण नकाशा आणि नियम वाचता येतात. त्यावरून माझं मत असं झालं की जी गाडी तो बांधतो आहे, तिच्यासाठीचा रस्ता तिथे फारसा उरलेलाच नाही. फ्रान्सच्या किनाऱ्यापासून सारायेव्होपर्यंत जवळपास दोन हजार किलोमीटर सलग डांबरी रस्ता आहे. स्वीडनमध्ये कुणाच्याही रानातून चालायचा हक्क लोकांना आहे, पण त्याच रानात मोटार घालायला कायद्याने बंदी. अनेक देशांत उघड्यावर वाटेल तिथे मुक्काम ठोकता येत नाही. जर्मनीच्या बऱ्याच शहरांत हिरव्या स्टिकरशिवाय शिरता येत नाही आणि ते स्टिकर जुन्या डिझेल गाडीला सहजी मिळत नाही. लंडनमध्ये तर ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या शहरभर हाच जाच आहे, नियमात न बसणारी गाडी रस्त्यावर आणली की दिवसाला साडेबारा पौंड. टपावर तंबू बसवल्यावर गाडी इतकी उंच होते की कितीतरी बंदिस्त पार्किंगमध्ये ती जाणारच नाही.

बोस्नियात तर डांबर सोडून आत शिरणं ही हौस नव्हे, जिवाशी खेळ आहे. १९९२ ते १९९५ च्या युद्धातले भूसुरुंग तिथल्या जंगलांत आणि डोंगरउतारांवर अजूनही आहेत. कवटी काढलेल्या लाल पाट्या लावलेल्या असतात आणि गावातली माणसं पोरांना पायवाट सोडू नका असं शिकवतात. ज्या व्हिडिओंमध्ये धूळ उडवत गाड्या जातात, त्यांत त्या पाट्या मला दिसल्या नाहीत.

गागोद्यात विनोबांच्या घरात आम्ही थोडा वेळ बसलो. १८९५ साली इथे जन्मलेल्या या माणसाने पुढे कुराण मुळातून वाचता यावं म्हणून अरबी शिकून घेतली, हे मी वर्गात नेहमी सांगते. पण त्या दिवशी मला सांगायचं होतं ते युरोपच्याच एका प्रवासाबद्दल. १९६२ साली सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अणुबॉम्बच्या विरोधात दिल्लीहून पायी निघाले. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण करत मॉस्को, पॅरिस, लंडन आणि शेवटी वॉशिंग्टन. समुद्र तेवढा बोटीने ओलांडला. निघण्यापूर्वी ते विनोबांना भेटले, तेव्हा विनोबांनी त्यांना सांगितलं की पैसे जवळ ठेवू नका. खिशात पैसे असले की माणूस खानावळीत जेवतो आणि धर्मशाळेत झोपतो. नसले की कुणाच्या तरी दारावर थाप द्यावी लागते. पाकिस्तानच्या सरहद्दीवर कुणी तरी त्यांना जेवणाच्या पुड्या देऊ केल्या. शत्रूचा मुलुख, उपाशी राहाल, म्हणून. त्यांनी त्या घेतल्या नाहीत. सरहद्द ओलांडली, तर पलीकडे एक अनोळखी तरुण त्यांना लाहोरला घरी न्यायला उभा होता.

दुल्हाभाई म्हणाले, "वाळवंटात असंच असतं. गाडीत पाणी, फ्रीज, सगळं असलं की माणूस कुणाच्या तंबूत जात नाही. आम्हाला बद्दू लोकांची कॉफी मिळाली ती रेडिएटर फुटला तेव्हा."

भाचा गप्प बसणाऱ्यातला नाही. तो म्हणाला, "खाला, त्यांच्या खिशात पैसे नव्हते, पण पासपोर्ट होता. आज तो रस्ता चालून दाखव. बोस्नियातून क्रोएशियात जायला आजही अफगाणी आणि सिरियन माणसं पायीच निघतात. त्यांना कोण घरी नेतं? हाकलून परत पाठवतात. माझा रंग हा, दाढी ही. साध्या गाडीत झोपलेला दिसलो तर कुणीतरी पोलिसांना फोन करेल. टपावर तंबू असला की मी टुरिस्ट. तो तंबू नाही, सर्टिफिकेट आहे."

यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही, आणि खरं तर आजही पूर्ण सुचलेलं नाही. आमच्या पोरांना प्रवासात आपण कोण आहोत हे आधी सिद्ध करावं लागतं, त्यासाठी कुणी महागडं घड्याळ घालतो, कुणी मोठी गाडी घेतो. त्याला शौक म्हणून हसणं सोपं आहे. मी हसले होते, ती चूक झाली.

तरीही माझं मत मी सोडलं नाही. भाड्याची किंवा साधी जुनी, नियमात बसणारी गाडी घे. तंबू, विंच आणि नळीच्या पैशांत दोन माणसांची महिनाभर लोकांच्या घरांत, छोट्या पांथशाळांत राहायची सोय होईल. गुडघे दुखणाऱ्या माणसाला टपावरच्या शिडीवर चढवणार आहेस का? आणि सगळ्यांत आधी अब्बांचा अर्ज पुन्हा भर. या वेळी सौदीतल्या नोकरीची कागदपत्रं, पेन्सिलीने नव्हे तर नीट टाईप केलेला प्रवासाचा बेत, घराचे कागद, सगळं जोड. बोस्निया शेंगेनच्या बाहेर आहे, तिथले दिवस शेंगेनच्या ९० दिवसांत धरले जात नाहीत, हेही हिशेबात घे. सारायेव्होत गाझी हुसरेव बेगची १५३१ सालची मशीद आहे, मोस्तारचा १५६६ चा पूल आहे. १९९३ च्या नोव्हेंबरात तोफा डागून तो पाडला आणि २००४ मध्ये पुन्हा उभा केला. मुलाला तिथे फोटो मिळतील. दुल्हाभाईंना मात्र पाचशे वर्षांची युरोपी मशीद दिसेल, जिथले मुसलमान कुठून आलेले नाहीत, तिथलेच आहेत. हे त्यांनी पाहावं असं मला फार वाटतं. माझ्यासाठीही पाहावं.

आपा इतका वेळ काही बोलली नव्हती. ती एवढंच म्हणाली, "पुन्हा नाही म्हणाले तर? एकदा त्यांनी कपाट बंद केलेलं मी पाहिलंय." हा या सगळ्यातला खरा प्रश्न होता. अर्जाची ९० युरो फी नकार आला तरी परत मिळत नाही, पण तिला फीचं बोलायचं नव्हतं.

परतीला दुल्हाभाईंनी चावी मागितली. गावातून बाहेर पडेपर्यंत त्यांनी एकही गिअर वाजू दिला नाही. महामार्गाला लागल्यावर त्यांनी मुलाला विचारलं, "तुझ्या त्या डिफेंडरचं स्टिअरिंग कुठल्या बाजूला?"

"उजव्या. इंग्लंडची आहे ना."

"आणि फ्रान्सनंतर गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची. मग पुढे ट्रक असला की समोरचं तुला दिसणार नाही. डावीकडे बसलेल्यानेच बघून सांगायचं, जा की थांब." मग थोडं थांबून, "तुझ्या मित्राला गाडी येते का?"

"नाही."

"हं."

आता अर्जाची कागदपत्रं जमवणं चालू आहे. बँकेच्या स्टेटमेंटवर शिक्का राहिला होता, तो परवा मिळाला. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागेल, सोबत मी जाणार आहे. तंबूची ऑर्डर भाच्याने अजून रद्द केलेली नाही आणि त्यावरून आमचं फोनवर भांडण सुरूच आहे.