घटनादुरुस्ती आहे, पण मालकाचे काय?



अमेरिकी राज्यघटनेत पहिली दुरुस्ती आहे तोवर तिथल्या पत्रकारितेला धोका नाही, असा आपल्या अग्रलेखाचा सूर आहे. तो पटला नाही. १७९१ ची ही दुरुस्ती फक्त सरकारचे हात बांधते. वृत्तपत्रस्वातंत्र्यावर गदा आणणारा कायदा काँग्रेसला करता येत नाही, इतकेच. मालकाच्या अंगी बळ आणणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे.

जून १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या गोपनीय कागदपत्रांवरून निक्सन सरकारने ‘न्यूयॉर्क टाइम्स’विरुद्ध मनाई हुकूम आणला. तेव्हा ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने तीच कागदपत्रे छापायला घेतली. पोस्ट कंपनीचे शेअर नेमके त्याच आठवड्यात विक्रीला आले होते, तिच्या टीव्ही केंद्रांचे परवानेही सरकारी आयोगाच्या हाती होते. तरीही कॅथरीन ग्रॅहम यांनी छपाईला होकार दिला. ३० जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने कौल दिला. पहिली दुरुस्ती कामी आली, ती मालक न्यायालयापर्यंत टिकून राहिले म्हणून.

आता डिस्नेच्या एबीसीकडे पाहा. बदनामीचा दावा जिंकायचा तर जाणूनबुजून खोटे सांगितले किंवा खऱ्याखोट्याची पर्वाच केली नाही, हे सार्वजनिक व्यक्तीला सिद्ध करावे लागते. १९६४ च्या सलिव्हन खटल्यापासून हा दंडक आहे. एवढे संरक्षण असूनही डिसेंबर २०२४ मध्ये एबीसीने ट्रम्प यांचा दावा दीड कोटी डॉलर देऊन मिटवला. जुलै २०२५ मध्ये सीबीएसची मालक पॅरामाउंट हिनेही ट्रम्प यांचाच दुसरा दावा मिटवायला १.६ कोटी डॉलर मोजले. त्या वेळी स्कायडान्सशी विलीनीकरणासाठी तिला फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनची मंजुरी हवी होती. या आयोगाचे सदस्य राष्ट्राध्यक्षच नेमतात. मंजुरी त्याच महिन्यात मिळाली. दोहोंचा संबंध नाही, असे कंपनी म्हणते; वाचकाने ते मानावे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

सगळेच नमले नाहीत, हे खरे. ट्रम्प यांनी नाव बदलल्यावरही ‘मेक्सिकोचे आखात’ हेच नाव वापरत राहिल्याने व्हाइट हाउसने दारे बंद केली, तेव्हा असोसिएटेड प्रेस फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयात गेली. पण ही संस्था नफ्यासाठी चालत नाही, ती वृत्तपत्रांची सहकारी संस्था आहे. तिला कुठलेही विलीनीकरण मंजूर करून घ्यायचे नव्हते.

तेव्हा अमेरिकी माध्यमांविषयी लिहिताना घटनेचे कलम सांगून थांबू नका. वाहिनीचा मालक कोण आणि त्याची कोणती फाइल सरकारदरबारी अडकली आहे, हेही छापा.

– एक वाचक, सातारा