जबडा रुग्णाचा, हिशेब कंपनीचा

हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेल्या गोळीनेच क्वचित जबड्याचे हाड मरते. दात काढल्यावर जखम भरत नाही, हाड उघडे पडते. बिस्फॉस्फोनेट गटातील औषधांबाबत मायामीचे डॉ. रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ साली हा इशारा दिला. याच गटातील ‘फोसामॅक्स’ला अमेरिकेत १९९५ सालीच परवानगी मिळाली होती. डिसेंबर २०१३ मध्ये मर्क कंपनीने सुमारे १,२०० दावे २ कोटी ७७ लाख डॉलरमध्ये मिटवायचे ठरवले. सरासरी माणशी जेमतेम २३ हजार डॉलर! आमचा विरोध औषधाला नाही. खुब्याचे हाड मोडण्यापासून ते अनेकांना वाचवते. सवाल माहितीच्या हक्काचा आहे. गोळी सुरू करण्यापूर्वी दात तपासून घ्या, एवढे रुग्णाला सांगायला कोणता खर्च येतो?